धडगावला निघालेल्या नातीस

जळगाव,
ईस्टरनंतरचा सोमवार

प्रिय पोरी,



जूनमध्ये पावसाच्या आत तू धडगावला जायची आणि तिथल्या पावरी बोलीत पवित्र शास्त्राचं भाषांतर करणाऱ्या मंडळींत बसायची, हे कळल्यावर तुझ्या आजीने आधी डोळे पुसले आणि लगोलग उडदाच्या पापडांचा हिशोब मांडला. (तिची माया अशीच डब्यांतून मोजावी लागते, हे तुला सांगायला नको.) फोनवर मी फारसं बोललो नाही. सारी उमर छापखान्यात खिळे जुळवण्यात गेली, त्यामुळे तोंडापेक्षा हातानेच माझं म्हणणं नीट उतरतं.

तू म्हणालीस, ‘आबा, मी काही परदेशात जात नाहीये.’ खरं आहे. जळगावहून धुळ्याला, तिथून शहाद्याला आणि मग घाट चढून वर. सातपुडा आपलाच आहे आणि १९९८ मध्ये नंदुरबार वेगळा होईपर्यंत तो भाग धुळे जिल्ह्यातच होता. पण पोरी, जिथे पाणी मागायलाही शब्द शोधावा लागतो, तिथे माणूस परदेशीच. म्हणून तुला एका खऱ्या परदेश्याचा दिवस सांगतो.

विल्यम केरी हा मूळचा इंग्लंडमधला चांभारकाम करणारा माणूस. १७९३ मध्ये बंगालात उतरला आणि परत म्हणून गेला नाही. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात तो बंगाली, संस्कृत आणि आपली मराठीही शिकवायचा. १८०६ च्या जून महिन्यात एका मित्राला लिहिताना त्याने आपला एक दिवस सांगितला आहे. पावणेसहाला उठून हिब्रू शास्त्राचा एक अध्याय वाचला आणि सातपर्यंत एकट्याने प्रार्थना केली. मग घरच्या नोकरमाणसांबरोबर बंगालीत उपासना झाली, चहा ओतला जात होता तेवढ्यात मुन्शीबरोबर थोडं फारसी झालं आणि न्याहारीआधी हिंदुस्तानी. त्यानंतर दहापर्यंत पंडिताबरोबर रामायणाचं भाषांतर (हो, रामायणाचं! भाषा कळायची तर तिचं जुनं धन कळायला हवं, हे त्याला ठाऊक होतं). मग कॉलेज. दुपारी यिर्मयाच्या बंगाली प्रुफावर नजर. जेवणानंतर मत्तयाचं शुभवर्तमान संस्कृतात, सहानंतर तेलुगू पंडिताची शिकवणी, रात्री प्रवचन, मग यहेज्केल बंगालीत, आणि झोपण्याआधी ग्रीक नव्या कराराचा एक अध्याय. वाचूनच आपल्याला धाप लागते, पण त्याला ती लागली नाही, कारण एका वेळी तो एकच काम हातात धरायचा आणि ते खाली ठेवूनच दुसरं उचलायचा.

त्याची काटकसरही अशीच मुकाट होती. कॉलेजात सुरुवातीलाच महिना ५०० रुपये पगार, त्या काळातले! पण बंगालातल्या श्रीरामपूरला त्याच्या मिशनमधली कुटुंबं आपली कमाई एका सामाईक फंडात टाकत आणि त्यातून घेत ती गरजेपुरती. ११ मार्च १८१२ ला त्यांच्या छापखान्याला आग लागली. खिळे वितळले, कागदाचे ढीग जळाले, हस्तलिखितं गेली. मी जुळारी माणूस, माझ्या काळजाला ही गोष्ट लागते. या लोकांनी वितळलेलं शिसं गोळा करून पुन्हा खिळे ओतले आणि केरी गेलेली पानं परत लिहायला बसला.

मग आबा सांगतायत ते केरीसारखं व्हायला का, असं तू विचारशील. दिवस त्याचा घे, पोरी, पण वर्षं त्याची घेऊ नकोस. त्याचे दिवस शिस्तीचे होते आणि वर्षं मात्र घाईची. त्याच्या आणि त्याच्या सोबत्यांच्या हातून शास्त्र कितीतरी भाषांत निघालं, आणि त्यातलं बरंचसं पुढच्यांना नव्याने करावं लागलं. आपल्या मराठीचंच बघ. वैजनाथ पंडिताच्या मदतीने केलेलं मत्तयाचं शुभवर्तमान १८०५ मध्ये आणि सगळा नवा करार १८११ मध्ये छापून झाला. केरीने मराठीचं व्याकरण लिहिलं, कोश केला. पण मराठी मुलखात त्याचं पाऊल कधी पडलं नाही. ओसरीवर, बाजारात, विहिरीवर बोलली जाणारी मराठी त्याच्या कानांना ठाऊक नव्हती. पुढे मुंबईच्या अमेरिकन मिशनऱ्यांना ते भाषांतर चालेना, आणि त्यांनी स्वतःचा नवा करार १८२६ मध्ये काढला.

आता पंडिता रमाबाईंकडे बघ. संस्कृतात ज्यांच्यापुढे कलकत्त्याच्या पंडितांनी मान तुकवली, त्या बाई पंचेचाळिशीनंतर हिब्रू आणि ग्रीक शिकायला बसल्या आणि त्यांनी एकटीच्या बळावर अख्खं शास्त्र मराठीत आणायला घेतलं. केडगावच्या मुक्ती मिशनात त्यांच्याभोवती दुष्काळातून आलेल्या खेड्यापाड्यांतल्या बायका आणि मुली होत्या. त्यांना कळेल अशी मराठी बाईंना हवी होती आणि ती रोज त्यांच्या कानांवर पडत होती. त्या मुलीच छापखान्यात खिळे जुळवायच्या. पंधरा वर्षांहून अधिक काळ हे चाललं. १९२१ मध्ये मनोरमा, एकुलती एक लेक, गेली. तरी टेबलावरचे कागद तसेच मांडलेले राहिले. ५ एप्रिल १९२२ ला बाईही गेल्या आणि पूर्ण पुस्तक १९२४ मध्ये बाहेर आलं. त्यांनी ते छापलेलं बघितलं नाही. याचं दुःख कर, पण याला अपयश म्हणू नकोस.

म्हणून माझी चिंता एकच. तू चांगली आहेस, अभ्यासू आहेस, देवाला भिऊन वागतेस, तिथे मला काडीची शंका नाही. पण तू लहानपणापासून घाईची, जेवतानाही चपला घालून बसणारी. या कामाला ते चालायचं नाही.

पहाटे ऊठ. मीही उठतो, मला काही काम नसलं तरी. डोंगरात माणसं उन्हाआधी शेतावर निघतात, बायका पाण्याला जातात. आठला उठशील तर पाड्यात तुला कोंबड्याच भेटतील आणि त्यांच्याकडून पावरी शिकता येणार नाही. बाजाराच्या दिवशी वही घरी ठेवून जा, नुसतं ऐक. कागद दोन्ही बाजूंनी वापर. आम्ही छापखान्यात प्रुफाच्या पाठीवर घरची यादी लिहायचो. संगणकाची बॅटरी ढगाळ दिवसांसाठी राखून ठेव आणि झालेलं काम दोन जागी ठेव, केरीची आग आठवून.

आणि केलेलं भाषांतर वाचून दाखवशील तेव्हा सगळ्यात म्हाताऱ्या बाईला दाखव. ती मान डोलावेल. तेवढ्यावर उठू नकोस. पाहुणीचं मन मोडू नये म्हणूनही माणसं मान डोलावतात. तिला म्हण, ‘माय, आता तू मला ही गोष्ट सांग.’ ती आपल्या तऱ्हेने सांगेल. जिथे अडखळेल तिथे तिचं नाही, तुझं चुकलंय असं समज आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. ग्रिअर्सनसाहेबाच्या भाषांच्या पाहणीत उधळ्या पुत्राची एकच गोष्ट शेकडो बोलींत उतरवून घेतली आहे, १९०७ च्या खंडात भिल्ली बोलींबरोबर आपली खानदेशीही आहे. ती गोष्ट छापता आली, कारण कुणीतरी खेड्यात बसून बोललं आणि कुणीतरी न तोडता ऐकून घेतलं.

आणखी एक. केरीच्या दिवसात सगळ्या भाषांना जागा होती, पण त्याची बायको डोरोथी बंगालात आल्यावर मनाने खचत गेली आणि १८०७ मध्ये वारली. त्या घराचं दुःख आपण बाहेरून तोलू नये. पण तू रविवारी आईला फोन करत जा, काम कितीही निकडीचं असलं तरी.

पुस्तक केव्हा पुरं होईल, हे तुला खूप जण विचारतील. वरिष्ठ विचारतील, मंडळीतले लोक विचारतील, पैसे पाठवणारेही विचारतील. त्यांना सभ्यपणे उत्तर दे. मी ते विचारणार नाही. मी एवढंच विचारत जाईन, की आज कुणाच्या ओसरीवर बसलीस आणि जेवलीस का.

तुझे,
आबा