गटारीच्या रात्रीची गोळी

आषाढ अमावास्येला, म्हणजे गटारीला, आपल्याकडे मटणाच्या आणि देशी दारूच्या दुकानांपुढे सारखीच गर्दी असते. दुसऱ्या दिवशी श्रावण लागतो आणि काल लडखडत घरी गेलेला माणूस महिनाभर थेंबाला शिवत नाही. त्याचं कौतुकही होतं. पाळायचं तर कडक पाळायचं, आणि एकदा मोडलं की मग सगळंच मोडलं, हा आपल्या पाळण्याचा खाक्या. वैद्याच्या पुडीबरोबर पथ्य आलं, आणि पथ्य मोडलं त्या दिवशी पुडीही बंद. एचआयव्हीच्या औषधाला हाच खाक्या लावला की घात होतो.

भारतात १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं, मोफत मिळू लागली. पुढे बराच काळ बहुतेकांच्या गोळीत इफाविरेन्झ असे. तिने गरगरतं, चित्रविचित्र स्वप्नं पडतात, म्हणून ती झोपताना घ्यायची. म्हणजे पिणाऱ्याच्या बैठकीची आणि गोळीची वेळ एकच! बैठकीतून उठलेला माणूस गोळी विसरतो, असं आपण समजतो. काहीजण विसरतातही. पण पुष्कळांना ती चांगली आठवत असते. ‘दारूवर गोळी घेतली तर विष होईल’ या धास्तीने ते ती मुद्दाम टाळतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ सेथ कॅलिचमन यांनी पिणाऱ्या रुग्णांच्या अभ्यासात हेच दाखवलं: दारू आणि गोळी एकत्र घातक, असं मानणारे अधिक वेळा गोळी चुकवत होते. या लोकांना बेफिकीर कसं म्हणायचं? ते तर आपल्या परीने जीव जपत होते.

आता भारतात मुख्यतः टीएलडी ही रोजची एक गोळी दिली जाते: टेनोफोविर, लॅमिव्युडिन, डोल्युटेग्राविर. डोल्युटेग्राविरचं दारूशी थेट वैर नाही. उलट दुसऱ्या दिवशी छातीत जळजळतं म्हणून जे ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमचं ॲन्टासिड घोटलं जातं, ते मात्र या औषधाला रक्तात नीट उतरू देत नाही. गोळी त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी लागते. (हे किती जणांना सांगितलं जातं?) दारू यकृताला वाईटच, आणि क्षयासाठीचं आयसोनियाझिड सोबत चालू असेल तर धोका खराच वाढतो. पण त्यासाठी डॉक्टरांपुढे खरं बोलता आलं पाहिजे.

आणि गाडी अडते ती तिथेच. काउन्सेलर विचारते, “दारू घेता का?” उत्तर येतं, “नाही मॅडम, सोडली.” ती उरलेल्या गोळ्या मोजते, पण जास्तीच्या गोळ्या घरी ठेवून येणं कुणालाही जमतं. खरं सांगितलं तर बोलणी बसणार हे ठाऊक असलं की माणूस आधी खोटं बोलतो, मग तारीख चुकवतो, मग यायचाच थांबतो. ‘पूर्ण सोडा, नाहीतर औषधाचा उपयोग नाही’ हा उपदेश अशा माणसाला दारूपासून तोडत नाही, केंद्रापासून तोडतो.

मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रापासून गडचिरोलीच्या दारूबंदीपर्यंत महाराष्ट्राने दारूशी झुंज दिली, तिच्याबद्दल मला आदर आहे. व्यसनात पुरता बुडालेल्याला पूर्ण बंदीच हवी. पण एआरटीच्या रांगेतला प्रत्येक पिणारा तसा नसतो, आणि जो असतो त्यालाही सुटेपर्यंत गोळी लागतेच. शेजारच्या गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेल्या, घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांवर एक प्रयोग केला. समुपदेशक मानसोपचाराची पदवी नसलेली साधी माणसं होती आणि भेटी फार तर चार. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले: तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के धोक्याच्या पातळीखाली आले होते, न मिळालेल्यांपैकी २६. चमत्कार नाही, पण असं बोलायला एआरटी केंद्रात काय अडचण आहे?

राहिला शरीरसंबंधाचा प्रश्न. टोरांटोचे संशोधक युर्गन रेम यांनी प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र मांडले, तेव्हा रक्तात दारू वाढेल तसा कंडोमविना संबंधाकडे कल वाढताना दिसला. निव्वळ शुद्ध हरपते असं नाही. नजरेसमोरचं तेवढं दिसतं, उद्याचं दिसेनासं होतं. शिवाय आपल्याकडे ‘प्यायलो होतो’ हे पुरुषाला मिळणारं आयतं माफीपत्र आहे. सांगलीत ‘संग्राम’ या संस्थेतून उभ्या राहिलेल्या वेश्या अन्याय मुक्ती परिषदेच्या बायकांनी कंडोम पोहोचवण्याचं काम स्वतःच्या हाती घेतलं. झिंगलेल्या गिऱ्हाइकाला नाही म्हणताना शेजारणीचा आधार असणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. घरातल्या बायकोला तो आधार नसतो. रात्री अकराला पिऊन आलेल्या नवऱ्याशी कंडोमचा वाद ती घालेल, ही अपेक्षाच क्रूर आहे.

तिच्या बाजूने उभी राहू शकते ती गोळीच. औषध नेमाने चालू राहून विषाणू रक्तात मोजता येणार नाही इतका दबला, की संबंधातून एचआयव्ही जोडीदाराकडे जात नाही. इतर गुप्तरोगांसाठी आणि नको असलेल्या गरोदरपणासाठी कंडोम हवाच, पण तो चुकलेल्या रात्रीही तिच्यापर्यंत एचआयव्ही पोहोचत नाही. टीएलडी दिवसात कधीही घेता येते, फक्त वेळ रोजची तीच हवी. मग पिणाऱ्याने ती सकाळच्या चहाच्या वेळी, शुद्धीत असताना घ्यावी. आणि सकाळी राहून गेलीच, तर रात्री प्यायलेला असला तरी आठवताक्षणी घ्यावी. हे काउन्सेलरने त्याला सांगावं, आणि शक्य असेल तिथे त्याच्या संमतीने बायकोलाही.