बलामाची गाढवी

'गाढव' हा शब्द आम्हां मास्तर लोकांच्या धंद्यातला. खडू, डस्टर, हजेरीपट, तसाच तो. उच्चारताना त्याचा अर्थ कोणी मनात आणीत नाही. मीही कैक वर्षे आणला नाही. तो मला कळला बायबल वाचताना, आणि तोही जरा उशिराच.

मी ख्रिस्ती नाही, पंडित तर नाहीच. मॅट्रिकच्या पुढे आमची गाडी सरकली नाही. पण कादंबऱ्या लिहिणाऱ्याला गोष्टींची हाव असते, आणि त्या हावेपोटी मी जुन्या बाजारातून मराठी बायबलची एक जाडजूड प्रत घरी आणली. पाने उलटताना डोळा ठरला तो त्यातल्या चमत्कारिक प्राण्यांवर. नरसिंह, जटायू, शेषनाग यांच्या संगतीत लहानाचा मोठा झालेला माणूस अशा मंडळींना बिचकत नाही. यहेज्केल नावाच्या संदेष्ट्याला बाबेलच्या मुलुखात खबार नदीकाठी चार जीव दिसले. प्रत्येकाला चार तोंडे : माणसाचे, सिंहाचे, बैलाचे आणि गरुडाचे. पुढे ख्रिस्ती परंपरेने ही तोंडे चार शुभवर्तमानांना वाटून दिली. माणूस मत्तयाला, सिंह मार्काला, बैल लूकाला, गरुड योहानाला. व्हेनिस शहराच्या निशाणावरचा पंखांचा सिंह तो हाच, मार्काचा. छान आहे, पण यात कुणाचे काही अडत नाही.

अडते ते दानीएलाच्या पुस्तकापाशी. सातव्या अध्यायात त्याला स्वप्न पडते. खवळलेल्या समुद्रातून चार श्वापदे वर येतात. पहिले सिंहासारखे, पण गरुडाच्या पंखांचे; दुसरे अस्वलासारखे, त्याच्या दातांत तीन बरगड्या; तिसरे चार डोक्यांच्या चित्त्यासारखे; आणि चौथ्याला तर उपमाच नाही. लोखंडी दात आणि दहा शिंगे! ही श्वापदे म्हणजे पृथ्वीवरची राज्ये, हे पुस्तकातच सांगितले आहे. बहुतेक अभ्यासक मानतात, की हा भाग इ. स. पूर्व 165 च्या सुमारास लिहिला गेला. तेव्हा यरुशलेमवर चौथा अंतियुख या ग्रीक वंशाच्या राजाचा अंमल होता. त्याने यहुद्यांचे मंदिर बाटवले, सुंता आणि शब्बाथ यांवर बंदी घातली. अशा राजाला नाव घेऊन दूषण कोण देणार? म्हणून श्वापद म्हणायचे, शिंग म्हणायचे. आणि त्या स्वप्नात श्वापदांचा निकाल लागल्यावर आकाशातल्या ढगांतून जो येतो, तो पाचवे श्वापद नव्हे. तो माणसासारखा कोणी असतो. एवढे वाचून मी पुस्तक काही वेळ मिटून ठेवले.

नव्या करारातले शेवटचे पुस्तक, प्रकटीकरण, तेच जनावर पुन्हा बाहेर काढते. अंग चित्त्याचे, पाय अस्वलाचे, तोंड सिंहाचे. म्हणजे दानीएलाची सारी श्वापदे एका कातड्यात शिवलेली. आता ते जनावर म्हणजे रोम. त्याचा आकडा 666. हिब्रूत अक्षरांनाच अंकांचे मोल असते. 'नेरोन केसर' हे नीरो बादशहाचे नाव हिब्रू अक्षरांत लिहून बेरीज केली, की बरोबर 666 येतात. काही जुन्या हस्तलिखितांत आकडा 616 आहे, आणि 'नेरोन'मधला शेवटचा 'न' गाळला, की पन्नास कमी होऊन तेवढेच उरतात! गणिताच्या तासाला पोरांना सांगावी अशी ही गंमत. ज्यांनी तो आकडा लपवला त्यांना मात्र ती गंमत नव्हती. इ. स. 64 मध्ये रोमला आग लागल्यानंतर नीरोने ख्रिस्ती लोकांना जिवंत जाळले होते.

इथवर माझे मन निःशंकपणे त्या लिहिणाऱ्यांच्या बाजूचे. ज्याच्या मानेवर पाय आहे, त्याने वरच्याला जनावर म्हटले, तर तो त्याचा हुंदका आहे. पण शब्द जन्मदात्याच्या घरी राहत नाहीत. सोळाव्या शतकात लूथरच्या लोकांनी पोपला ते श्वापद ठरवले, आणि पोपच्या बाजूच्या एका विद्वानाने लूथरच्या नावाची अक्षरे ओढूनताणून 666 मध्ये बसवली. टॉलस्टॉयच्या 'युद्ध आणि शांती' या कादंबरीतला पिएर नेपोलियनच्या नावाची तीच बेरीज करीत बसतो. ज्याला जो नकोसा, तो त्याचे जनावर. आणि एकदा माणसाला जनावर ठरवले, की त्याच्याशी कसे वागावे हा प्रश्नच मिटतो. हात मोकळे होतात. मग खालून वर फेकलेला हा शब्द आणि वरून खाली फेकलेला हा शब्द, दोन्ही एकाच मोलाचे का? मला नाही तसे वाटत. पण फेकणारा स्वतःला नेहमी खालीच समजतो, ही खरी पंचाईत आहे.

ईयोबाच्या गोष्टीतली जनावरे निराळी. ईयोबाची मुलेबाळे गेली, गुरेढोरे गेली, अंगभर गळवे उठली. माझा अपराध काय, असे तो देवाला विचारतो. देव वावटळीतून उत्तर देतो, आणि ते उत्तर काय, तर जनावरांची यादी! डोंगरातल्या बकऱ्या कधी वितात, शहामृगी अंडी कुठे घालते, गावच्या गजबजाटाला हसणारे रानगाढव कुणी मोकळे सोडले... शेवटी बैलासारखा गवत खाणारा प्रचंड बहेमोथ, आणि गळाला न लागणारा, भाल्याला न जुमानणारा लिव्याथान. कोणी म्हणतात हे पाणघोडा आणि सुसर. कोणी सीरियातल्या रास शामरा येथे 1929 पासून सापडलेल्या मातीच्या विटांकडे बोट दाखवतात, त्यांत लोतान नावाचा सात डोक्यांचा सर्प आहे. मला मात्र वाटते, ही जनावरे कशाचीच खूण नव्हेत. ती माणसाच्या उपयोगाची नाहीत, आणि तरीही देवाला ती आवडतात, एवढेच त्यांचे काम. दुःखाने पोळलेल्या माणसाला असे उत्तर द्यावे का, हे मला आजही पटलेले नाही. पण ईयोब गप्प झाला खरा.

मला गप्प केले ते पाळीव गाढवीने. तिची गोष्ट गणना या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात आहे. मवाबचा राजा बालाक याने इस्राएल लोकांना शाप देण्यासाठी बलाम नावाचा द्रष्टा बोलावला. हा बलाम फार नावाजलेला. जॉर्डन देशात देर अल्ला येथे 1967 साली गिलाव्यावर लिहिलेला एक लेख सापडला, सुमारे पावणेतीन हजार वर्षांपूर्वीचा. त्यातही बौराचा पुत्र बलाम, देवांचा द्रष्टा, असा त्याचा उल्लेख आहे. तर असा हा द्रष्टा गाढवीवर बसून निघाला. वाटेत देवदूत नागवी तलवार घेऊन उभा. तो द्रष्ट्याला दिसेना, गाढवीला दिसला. ती शेतात वळली, बलामाने मारले. पुढे दोन द्राक्षमळ्यांच्या भिंतींमधली अरुंद वाट आली. ती भिंतीला घासली, बलामाचा पाय चेंगरला, पुन्हा मार. तिसऱ्यांदा वळायलाही जागा नव्हती, तेव्हा ती खालीच बसली. आणि त्याने काठीने बडवले. मग देवाने तिला वाचा दिली. स्वप्ने आणि दृष्टांत सोडले, तर जुन्या करारात बोलणारी जनावरे दोनच : एदेन बागेतला सर्प आणि ही. सर्प बोलतो तो फसवायला. ही फक्त विचारते, की तीन वेळा मारण्यासारखे मी केले तरी काय? जन्मभर तू माझ्यावर बसत आलास. असे कधी वागले होते का मी? बलाम चिडून म्हणतो, हातात तलवार असती तर तुला मारून टाकले असते. तलवार तर समोरच उभी होती!

माझ्या उमेदवारीच्या काळात मी एका खेडेगावच्या शाळेत होतो. वर्गात एका सुताराचा मुलगा होता. खिडकीकडच्या त्याच्या बाकावर तो एकाएकी बसेनासा झाला. पहिल्या दिवशी दुसऱ्याच्या बाकावर घुसला. दुसऱ्या दिवशी भिंतीला चिकटून उभा. तिसऱ्या दिवशी खाली जमिनीवर बसला. तिन्ही दिवस मी छडी वापरली, आणि धंद्यातला तो शब्दही. चौथा दिवस रविवारचा. त्या रात्री नेमकी त्या बाकावरची तुळई खाली आली. किडीने ती आतून पोखरली होती. बाकावर रोज वरून पडणारा बारीक भुसा सगळ्यांनाच दिसत असेल. त्याचा अर्थ कळत होता एकट्या सुताराच्या पोराला.

सोमवारी मी त्याला विचारले, "बोलला का नाहीस रे?"

"पैल्या दिशी सांगत हुतो, गुर्जी. तुमी म्हनला, त्वांड मिटून बस."

त्यावर मी काय बोलावे? मी हजेरीपट उघडला. बलामाने निदान, तू असे कधी वागली नव्हतीस, एवढे कबूल केले. पुढे देवदूत दिसल्यावर तो पालथा पडला. देवदूताने त्याला स्पष्ट सांगितले, ही वळली नसती तर तुला मारले असते आणि हिला जिवंत ठेवले असते. मी हजेरी घेतली आणि भूगोल शिकवला. क्षमा मागायची राहून गेली. पुढे त्या शाळेशी माझा संबंधही संपला. शिक्षणहक्काच्या 2009 च्या कायद्याने मास्तरांची छडी गेली, ते बरेच झाले. मानसिक छळालाही त्यात मनाई आहे. पण तोंडातून निसटलेल्या एका शब्दाचा पंचनामा कोण करणार? तो अजूनही माझ्या जिभेच्या टोकाशी येतो. मी गिळतो. दर वेळी गिळला जातोच असे नाही.

मागच्या महिन्यात एक मोकळा तास मिळाला, म्हणून मी मुलांना योनाची गोष्ट सांगितली. त्याला गिळणारा तो देवमासा, असे सगळे म्हणतात. पुस्तकात नुसता मोठा मासा आहे. मुलांना अर्थातच मासाच हवा होता. मी शेवटपर्यंत गेलो. निनवे शहर नष्ट झाले नाही म्हणून योना रुसून बसतो, तेव्हा देव त्याला विचारतो, की ज्यांना उजवा-डावा हात कळत नाही अशी 1,20,000 हून अधिक माणसे या शहरात आहेत, आणि पुष्कळ जनावरेही आहेत; त्यांची मला कीव येऊ नये का?

"मग योना काय म्हणाला, गुरुजी?" पुढच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले.

मी पुस्तक तिच्यासमोर धरले. तिने पान उलटून पाहिले. पुढे दुसरेच पुस्तक सुरू होत होते.