शेजाऱ्याचा हात

तोरणमाळ हे गाव सातपुड्याच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून हजार मीटरांहून अधिक उंचीवर आहे. खालून घाट चढून गाडी येण्यास बराच वेळ लागतो. परंतु ज्याचे हृदय ठोके सोडून नुसते थरथरू लागले, त्याच्या हाती थोडीच मिनिटे असतात. काहीच उपाय न केल्यास मिनिटागणिक त्याच्या जगण्याची आशा शेकडा सात ते दहांनी घटते. तेव्हा वैद्य नसलेल्या शेजाऱ्याने त्यास हात लावावा काय?

कोणी म्हणतात, "हे वैद्याचे काम, मनुष्य दगावला तर दोष आपल्या माथी येईल." हे भय निराधार नव्हे. तथापि जो हाकेस ओ देत नाही व ज्याचा श्वास बंद पडला आहे, त्याचे आपल्या हाताने याहून अधिक काय बिघडणार? छातीच्या मध्यभागी तळहातावर तळहात ठेवून मिनिटास शंभर ते एकशेवीस वेळा, सुमारे दोन इंच खोल दाबणे कोणासही शिकता येते. विजेचा धक्का देणारे जे यंत्र सार्वजनिक ठिकाणी ठेवितात, तेही स्वतः हृदयाची गती तपासते, पुढे काय करावे ते बोलून सांगते, आणि गरज नसल्यास धक्का देत नाही. महाशिवरात्रीच्या यात्रेस असे एक यंत्र व ते वापरणारे चार गावकरी असले, तर किती बरे होईल!

गडचिरोली जिल्ह्यातील ३९ खेड्यांत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी गावच्याच स्त्रियांस नवजात बालकांची शुश्रूषा शिकविली. श्वास न घेणाऱ्या बालकास श्वास देणेही त्या शिकल्या. तेथे नवजातांचे मृत्यू शेकडा बासष्टांनी घटल्याचा वृत्तांत १९९९ साली 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय पत्रात आला. त्या स्त्रिया वैद्य नव्हत्या, शेजारणी होत्या.

२०१९ सालच्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने रस्त्यावरील अपघातात सद्भावाने साहाय्य करणाऱ्यास संरक्षण दिले, आणि त्यास इंग्रजीत चांगल्या शोमरोन्याचेच नाव दिले. परंतु गावाची जीभ कायद्याने आवरत नाही. पुष्कळदा सर्व खटपट करूनही मनुष्य जातो. म्हणून, बंधुभगिनींनो, येथे कर्तव्ये दोन आहेत: शेजाऱ्याने शिकावे व धावावे, आणि ज्याचे प्रयत्न व्यर्थ गेले त्यास गावाने दोष न देता त्याचे आभार मानावे. दुसरे कर्तव्य आपण पाळले नाही, तर पहिले पाळावयास कोण पुढे येईल?