बढती आणि मैत्री

(वाचावे : १ शमुवेल, अध्याय १८)

शौल राजाने दावीदाला लढवय्यांवर नेमिले, तेव्हा दोन अंतःकरणांची परीक्षा झाली. शौल हेव्याने जळू लागला. योनाथान तर राजपुत्र; दावीद चढला की त्याचेच सिंहासन जाणार होते. तरी त्याने आपला झगा, तरवार, धनुष्य व कमरबंद मित्राला दिला, आणि तो स्नेह शेवटपर्यंत पाळिला.

ही परीक्षा आजही सैन्यात होते. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतील ५६ व्या तुकडीचे तिघे सोबती, नरवणे, करमबीर सिंह व भदौरिया, २०१९ साली अनुक्रमे भूदल, नौदल व हवाईदलाचे प्रमुख झाले. परंतु असे क्वचितच घडते. बहुधा एक चढतो व सोबती मागे राहतात. शिपाई लवकर घरी येतो. हवालदार व सुभेदार यांना सेवेची वर्षे अधिक मिळतात. मग एकाच दिवशी भरती झालेल्या दोघांपैकी एक सुभेदार असतो, आणि दुसरा नवी मुंबईत एखाद्या कारखान्याच्या दाराशी पहारा करितो.

मागे राहिलेल्याने योनाथानाकडे पाहावे. मित्राला मिळालेली जागा आपणांस मिळाली नाही, हे खरे. त्याचेही तसेच झाले होते. चढलेल्याने दावीदाकडे पाहावे. राजा झाल्यावर त्याने योनाथानाच्या लंगड्या पुत्राला, मफीबोशेथाला, शोधून आणिले व आपल्या पंक्तीस बसविले. कवायतीच्या मैदानावर सलाम योग्यच आहे. परंतु रजेवर गावी आल्यावर आपण कोणाच्या ओटीवर जाऊन बसतो, यावरून मैत्री कळते.

प्रभु आम्हांस ही दोन्ही अंतःकरणे देवो. आमेन.