घेणाऱ्याचा रकाना

आमच्या निधीचा हिशेब चोख आहे, हे मी छातीठोकपणे सांगू शकतो. नाहूर पश्चिमेला, जुन्या कारखान्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींपैकी एकीत आम्ही राहतो. सोसायटीतली काही घरं दरमहा थोडे थोडे पैसे काढतात. भांडुपच्या टेकडीवरून आमच्याकडे कामाला येणाऱ्या बायकांना, एखाद्या वॉचमनला, पहाटे गाड्या धुणाऱ्या पोराला ते अडल्या वेळी दिले जातात. कुणाचं खोलीचं भाडं तुंबलेलं असतं, कुणाची लाइट कापायला माणूस येऊन गेलेला असतो. पैसे शक्यतो हातात देत नाही, थेट घरमालकाला किंवा दुकानदाराला पाठवतो. पावती घेतो. महिनाअखेर जमाखर्च ग्रुपवर टाकतो. खजिनदार मीच.

तरी हिशेब लिहिताना काहीतरी टोचत राहतं, आणि ते बेरजेत सापडत नाही.

जमेच्या बाजूला मी फक्त ‘सदस्यांकडून’ असं लिहून एकच आकडा टाकतो. कुणी दोनशे दिले, कुणी दोन हजार, हे कुणाला कळत नाही. कुणाला ओशाळं वाटू नये म्हणून तसं सुरुवातीलाच ठरलं होतं. खर्चाच्या बाजूला मात्र नाव असतं, कारण असतं, नवरा काय करतो, पितो का, मुलं किती, रेशनकार्ड कोणत्या रंगाचं, हे सगळं असतं. तिला ओशाळं वाटेल का, हा प्रश्न त्या बैठकीत निघालाच नव्हता.

रेशनकार्डाचं विचारणं तर आमच्या तोंडी बसलंय. जणू कार्ड असलं की माणूस तरला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं, २०२३ पासून तेही मोफत. पण आपल्या राज्यात शहरी कुटुंबाला त्या यादीत बसवताना जी उत्पन्नाची मर्यादा धरली गेली ती वर्षाला ५९,००० रुपयांची. म्हणजे महिन्याला पाच हजारांच्या आत. चार घरची धुणीभांडी करणारी बाई एकटीच्या कमाईवर ती ओलांडते. आणि धान्य मिळालं तरी भाडं, गॅस, दवाखाना, पोरीच्या क्लासची फी यांतलं काहीच रेशनच्या दुकानात मिळत नाही. तेव्हा निधी नको, असं माझं म्हणणं नाही. निधी हवाच. प्रश्न माझ्या वहीचा आहे.

मध्यंतरी एका ताईंचं भाडं आम्ही घरमालकाच्या खात्यात भरलं. चोख व्यवहार, पावतीसकट. काही दिवसांनी त्या लिफ्टपाशी भेटल्या. म्हणाल्या, “दादा, उपकार झाले. पण खोलीमालकाला कळायला नको होतं. आता तो डिपॉझिट वाढवून मागतो. म्हणतो, तुझ्या पाठीशी सोसायटी आहे ना.” आमची पारदर्शकता त्यांना अशी महागात पडली. खरं तर पैसे हातात दिले तर ते दुसरीकडे जातील, एवढाच आमचा संशय होता. त्याला आम्ही शिस्त म्हणत होतो.

माझे वडील गिरणीत होते. लालबागला आमच्या गावच्या लोकांची एक खोली होती, तिथे प्रत्येकाची एक ट्रंक आणि एक वळकटी. पाळीप्रमाणे झोपायचं. गावच्या मंडळाची दरमहा वर्गणी असे. कुणी आजारी पडलं, कुणी गेलं, कुणाला गावी जायला पैसे नसले की त्यातून खर्च व्हायचा. वर्षातून एकदा सगळ्यांसमोर हिशेब वाचला जायचा आणि आठ आण्यांवरून हातघाईपर्यंत भांडणं व्हायची. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. त्या वर्षी वडिलांनी मंडळाकडून पैसे घेतले. पुढल्या सभेत त्यांचं नाव वाचलं गेलं. ते म्हणायचे, “वाचलं तर वाचलं. आदल्या वर्षी मीच वाचत होतो की.”

कोकणातल्या माणसाला ही रीत नवी नव्हती. धोंडो केशव कर्व्यांनी मुंबईत असतानाच, १८८६ साली, ‘मुरुड फंड’ उभा केला. बाहेर कमावणाऱ्याने आपल्या गावासाठी काही बाजूला काढायचं, हा त्यामागचा विचार. विधवांच्या आश्रमासाठी वणवण करून वर्गणी गोळा करणारे, आपल्या विम्याची पाच हजारांची रक्कमही त्याच कामात घालणारे कर्वे त्यानंतरचे.

गावकीचं फार गोड चित्र रंगवायचं कारण नाही. आमच्या मंडळाच्या यादीत आमच्याच वाडीतली माणसं होती. गावाबाहेरच्या वाडीतलं कुणी नव्हतं, आणि बाईचं नाव तर एकही नव्हतं. आपल्यातल्या आपल्यात बरोबरी सांभाळणं सोपंच. पण एक गोष्ट त्या वहीत होती ती माझ्या वहीत नाही. तिथे जमेतलं नाव उद्या खर्चात येऊ शकत होतं आणि खर्चातलं नाव जमेत. माझ्या वहीतले दोन रकाने एकमेकांना कधी भेटणार नाहीत, हे वही घालतानाच ठरून गेलेलं होतं.

आमचा निधी २०२० च्या टाळेबंदीत सुरू झाला. त्याच महिन्यांत माझा पगार निम्म्यावर आला होता, घराचा हप्ता चालू होता. मी मेहुण्याकडून उसने घेतले आणि निधीत ठरलेले पाचशे रुपये भरत राहिलो. निधीकडे मागावं, हे मनात आलंसुद्धा नाही. तेव्हा मला तो स्वाभिमान वाटला होता. आज वाटतं, मी त्या निधीला आपला मानलाच नव्हता. तो ‘त्यांच्यासाठी’ होता. जिथे मी स्वतः हात पसरणार नाही, तिथे दुसऱ्याने निःसंकोच यावं, कागद दाखवावा, कारण सांगावं, अशी माझी अपेक्षा होती.

म्हणून मी एक सुचवायचं ठरवलं. कामाला येणाऱ्यांपैकी दोघींना हिशेब तपासायला बसवायचं. त्यांनीही महिन्याला दहा-वीस रुपये भरायचे आणि कुणाला किती द्यायचं यात त्यांचं मत धरायचं. टेकडीवर कुणाची खरी अडचण आहे, हे आमच्यापेक्षा त्यांना जास्त कळतं. एकदोघांशी आधी बोलून पाहिलं. एका शेजाऱ्याने लगेच विचारलं, “म्हणजे कुणी किती दिले ते त्यांनाही दिसणार?” दिसणार, मी म्हटलं. तो गप्प झाला. मला हसावंसं वाटलं, पण हसू आलं नाही.

कारण त्या दोघींत मी मनात धरलेली एक बाई आमच्याकडेच भांडी घासते. घरकामगारांसाठी राज्यात २००८ चा कल्याण मंडळाचा कायदा आहे, पण पगार ठरतो तो अजूनही स्वयंपाकघराच्या दारात. दिवाळीच्या आधी तिने तीनशे रुपये वाढवून मागितले होते. “पुढच्या वर्षी बघू,” असं उत्तर घरातून गेलं. मी तिथेच पेपर वाचत बसलो होतो. नावनिशीवार जमा लिहिली, तर माझ्या नावापुढे दरमहा पाचशे दिसतील, आणि ती वाचेल.

आधी घरात पगाराचं बोलून घेऊ, मग बैठकीत प्रस्ताव मांडू, असं मी काल ठरवलं. यादी उघडी होणार नसती, तर ते तीनशे मला आठवले असते का, याचं उत्तर मला माहीत आहे.