वाड्याचा दोष आणि वारसांचे ऋण

झी मराठी वाहिनीवर २०१६ साली सुरू झालेली ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका पेडणे-डिचोलीच्या घरांना परकी वाटली नाही, यात नवल नाही. सावंतवाडीजवळच्या आकेरीतील ज्या वाड्यात तिचे चित्रण झाले, तसे वाडे आपल्याकडेही आहेत. तिच्यातली मालवणी बोली आपल्या कानांवरची आहे. १७८८ साली पोर्तुगीजांच्या हाती जाण्यापूर्वी पेडणे महाल सावंतवाडीकर भोसल्यांच्याच अंमलाखाली होता. तेव्हा नाईकांच्या त्या वाड्यात जे घडले, ते पाहताना आपल्यापैकी अनेकांनी मनोमन स्वतःच्या माजघराकडे वळून पाहिले असेल. प्रश्न भुताचा नव्हेच. पूर्वजाने केलेल्या अन्यायाची फळे वंशजांनी भोगावीत, हे न्याय्य आहे काय, आणि ते अटळ आहे काय, हा खरा प्रश्न आहे.

मालिकेच्या रचनेत एक अर्थपूर्ण योगायोग आहे. पहिल्या पर्वाचा आरंभ अण्णा नाईकांच्या मृत्यूने होतो व मुले-सुना वाड्यात गोळा होतात. २०१९ मध्ये आलेले दुसरे पर्व मात्र मागे जाते आणि जिवंत अण्णा, त्यांचा जमिनीचा लोभ, शेवंतेविषयीची आसक्ती, माईंचे मुकाट सोसणे, हे सारे दाखवते. शेवट आधीच ठाऊक असल्यामुळे अण्णांचे प्रत्येक पाऊल नियतीने आखल्यासारखे भासते. परंतु ही अटळता अण्णांच्या आयुष्यातली नाही, ती आपल्या पाहण्याच्या क्रमातली आहे. अण्णांना प्रत्येक वेळी मागे फिरता आले असते. आपण आपल्या कुळांच्या कथाही अशाच उलट्या क्रमाने सांगतो. आज संकट आले की त्याचे कारण शोधत मागे जातो, एखादा जुना अन्याय सापडतो, आणि त्या दोहोंना जोडणाऱ्या रेषेला आपण ‘दैव’ असे नाव देतो.

आमच्या घरातली गोष्ट सांगतो. आजोबांच्या पश्चात वाटण्या झाल्या, तेव्हा आत्याने हक्कसोडीच्या कागदावर सही केली. गोव्याच्या दिवाणी कायद्यात मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे, हे घरातल्या सर्वांना ठाऊक होते. तिलाही होते. पण “माहेर तुटू नये” एवढ्यासाठी तिने सही केली. पुढे घरात आजारपणे आली, एक लग्न मोडले. काकांनी देवळात प्रसाद लावला, तेव्हा घराण्यात दोष असल्याचा कौल मिळाला. विधी झाले, ब्राह्मणभोजन झाले. पाच मैलांवर राहणाऱ्या आत्याकडे मात्र कोणी गेले नाही.

दोषाची ती भाषा सर्वस्वी टाकाऊ होती, असे मी म्हणणार नाही. कागदाने जे मिटवले होते, ते तिने लक्षात ठेवले होते. अन्याय झालेला माणूस विसरला जाऊ नये, ही जाणीव त्या श्रद्धेच्या मुळाशी आहे. पण तिचा पत्ता चुकला. देणे आत्याचे होते, फेड मात्र देवळात झाली.

आपल्या शास्त्रकारांनी या प्रश्नाचा विचार फार सूक्ष्मपणे केलेला आहे. पित्याचे ऋण पुत्राने फेडावे, असे सांगणारी याज्ञवल्क्यस्मृतीच त्याला अपवादही सांगते. मद्य, काम व द्यूत यांपायी झालेले कर्ज पुत्रावर बंधनकारक नाही. म्हणजे बापाचे दुराचरण वारशाने येत नाही, हे तत्त्व आपल्या परंपरेतच आहे. तरीही या अपवादाने सारे संपत नाही. पाप वारशाने येत नसले, तरी त्या पापातून मिळालेली जमीन वारशाने येते. अन्याय मी केला नाही, हे खरे. पण त्याचा लाभ आज माझ्या नावावर आहे, हेही तितकेच खरे. म्हणून वारसाची जबाबदारी अपराध्याची नसते, ती लाभधारकाची असते, आणि तिची मर्यादा हाती आलेल्या लाभाइतकी. बाकीच्या अपराधभावनेतून त्याने खुशाल मोकळे व्हावे.

ग्रीक नाटककार एस्किलस याने इ. स. पूर्व ४५८ मध्ये हाच पेच रंगभूमीवर मांडला होता. पित्याच्या खुनाचा सूड घेण्यासाठी मातेला मारणाऱ्या ओरेस्टीसच्या पाठी सूडदेवता लागतात. पिढ्यान्‌पिढ्या चाललेली ती शृंखला तुटते ती अथेन्सच्या न्यायसभेत. तिथे दोन्ही बाजू ऐकल्या जातात, आणि पराभूत सूडदेवतांनाही नगरात मानाचे स्थान दिले जाते.

त्यासाठी अथेन्सपर्यंत जाण्याचीही गरज नाही. शिरगावची लईराई, मुळगावची केळबाई, मयेची महामाया, मोरजीची मोरजाई या आपल्या लोककथेतल्या बहिणी. पेडणे व डिचोली हे दोन्ही तालुके त्यांनी एका नात्यात बांधले आहेत. कथेचे पाठभेद अनेक आहेत. त्यांतला एक सांगतो की रागाच्या भरात लईराईने भावाला लाथ मारली, आणि पश्चात्ताप होताच त्याचे प्रायश्चित्त म्हणून ती स्वतः निखाऱ्यांतून चालली. आजही वैशाखातल्या जत्रेत धोंड त्या होमातून चालतात. तिने दोष दैवावर घातला नाही, तो पुढच्या पिढीवरही ठेवला नाही. देवी असूनही आपल्या पायाची चूक तिने आपल्याच पायांनी फेडली.

आत्या आता हयात नाही. तिची मुले आहेत. गेल्या गणेशचतुर्थीला मी त्यांच्याकडे गेलो, आणि माझ्या वाट्याला आलेल्या बागायतीतला तिचा हिस्सा त्यांच्या नावे करून देण्याचे बोललो. थोरला बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, “मामाच्या घरून कोणी विचारायला येईल, असं आईला शेवटपर्यंत वाटत होतं.” ते ऐकून माझ्या मनावरचे ओझे हलके झाले, असे म्हणवत नाही. उशीर हाही एक अन्यायच असतो, आणि तो मात्र माझा स्वतःचा आहे.