श्रेय कोणाचे?

बास्केटबॉलमध्ये चेंडू जाळीतून गेला की टाळ्या पडतात त्या टाकणाऱ्याला. नेमक्या क्षणी ज्याने त्याच्या हाती चेंडू दिला, तो कोणाच्या ध्यानी राहतो? आमच्या सोलापुरातही चादर विणणाऱ्याचे कौतुक होते. कांड्या भरणारी मात्र कोपऱ्यातच राहते.

अमेरिकेतील डीन स्मिथ यांना हा कोपरा ठाऊक होता. १९५२ साली राष्ट्रीय विजेत्या ठरलेल्या कॅन्सस विद्यापीठाच्या संघात ते होते, पण बहुतेक वेळ राखीव म्हणून बाकावर. पुढे १९६१ ते १९९७ ते नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचे प्रशिक्षक होते. तेथे त्यांनी ८७९ सामने जिंकले. १९६५ मध्ये मात्र एका पराभवानंतर विद्यार्थ्यांनी त्यांची प्रतिमा फासावर लटकावली होती! त्यांचा दंडक असा, की गुण मिळविणाऱ्याने पास देणाऱ्याकडे बोट दाखवावे.

कोणी म्हणेल, हुकमाची कृतज्ञता ती कसली कृतज्ञता? शंका खोटी नाही. तथापि सवयीने सद्गुण अंगी बाणतो, हे संत थॉमस अक्वायनस यांचे म्हणणे आम्हांस अधिक पटते. मूलही आधी आईच्या सांगण्यावरून हात जोडते. अर्थ मागाहून उमगतो. मात्र सांगणाऱ्यानेच ती सवय पाळली नाही, तर उरते केवळ कवायत.

स्मिथ २०१५ मध्ये निवर्तले. मृत्युपत्रान्वये सुमारे १८० माजी खेळाडूंना, प्रशिक्षकांतर्फे एक वेळचे जेवण म्हणून, प्रत्येकी २०० डॉलर पोहोचले. मायकेल जॉर्डनला जेवढे, तेवढेच बाकावरच्यालाही.